शेवटच्या गाडीची काठी

रोज सकाळी कंपनीचा टेम्पो मला कुंभारीच्या फाट्यावरून उचलायचा आणि खिंडीच्या तोंडाशी उतरवायचा. सोबत डबा, पाण्याचा कॅन, एक छत्री, प्लास्टिकची खुर्ची आणि दोन झेंडे. एक लाल, एक हिरवा. टेम्पो वळून दिसेनासा झाला की त्या माळावर मी एकटा उरायचो.

खरं सांगायचं तर त्या कामात मला तेच आवडलं होतं. मला माणसांशी बोलता येत नाही. शाळेत हजेरी घेताना माझं नाव जवळ येऊ लागलं की मी दप्तरात डोकं घालायचो. अब्बा गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सुटली, आणि मनातून मला थोडं हलकंच वाटलं. अम्मी विड्या वळते. तिचा भाऊ, बडेसाब मामू, या रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवतो. त्यानंच साहेबांना सांगितलं, "पोरगं गरीब आहे, बोलत नाही. पण झेंडा दाखवायला कुठं बोलावं लागतं?"

हा रस्ता सोलापूरहून दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीकडे जातो. तो इतका उखडला होता की मधल्या गावांची एसटी बंद पडली होती. आता तो रुंद होत होता, काँक्रीटचा होत होता, आणि लोक रोज थांबून विचारायचे, कधी होणार, कधी होणार. माळावर एक मुरमाड टेकडी आहे. ती कापून खिंड रुंद करायचं काम चाललं होतं. अर्धी बाजू खोदलेली, उरलेल्या अर्ध्या बाजूनं एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या जायच्या. खिंडीच्या मधोमध वळण. या तोंडावरून ते तोंड दिसत नाही, आणि मोबाईलला रेंज नाही.

म्हणून काठी होती.

पहिल्या दिवशी सुपरवायझर इंद्रजीत साहेबांनी आम्हा दोघा झेंडेवाल्यांना वळणावर उभं करून ती दाखवली. बाभळीची, हातभर लांब, टोकाला लाल फडकं बांधलेलं.

"ज्याच्या हातात काठी, त्याच्याच बाजूच्या गाड्या," ते म्हणाले. "आपल्या बाजूची शेवटची गाडी आत सोडताना तिच्या ड्रायव्हरच्या हातात काठी द्यायची. पलीकडच्याला काठी मिळाली की त्यानं समजायचं, खिंड रिकामी झाली. मग त्यानं सोडायच्या. हातात काठी न्हाय, तर साक्षात कलेक्टर आला तरी सोडायचं न्हाय. वळणावर गाड्या समोरासमोर आल्या तर एका अंगाला मुरमाची भिंत आन् दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खड्डा. कुटं जाशील?"

मी मान हलवली.

"आरं तोंडानं बोल की. मान काय हलवतो नंदीबैलासारखी!"

शेजारी उभा असलेला म्हातारा हसला. "त्याला कशाला बोलाय लावता सायेब? काठी बोलंल की." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात लाकडासारखा कडक होता.

तो कोंडीबा काका. टेंभुर्णीकडच्या एका गावचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. तो दक्षिणेच्या तोंडाशी बसणार होता आणि तिकडच्याच कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणार होता. मी उत्तरेच्या तोंडाशी. आम्ही समोरासमोर भेटलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांद्याच्या टेम्पोवाल्यानं मला काठी दिली आणि म्हणाला, "म्हातारबाबानं इचारलंय, जेवलास का?"

मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागं कोणी उभं आहे.

"तुलाच रं! दुसरं कोण हाय हितं?"

"हो... जेवलो."

"मला सांगून काय उपेग? मी चाललो सोलापूरला. आता ज्याला काठी देशील त्याच्याजवळ सांग."

मग मला बोलावंच लागलं. पुढच्या गाड्यांत शेवटी एक जुनी जीप होती. तिच्या ड्रायव्हरला काठी देताना मी खाली बघत पुटपुटलो, "कोंडीबा काकांना सांगा, जेवलो म्हणून."

तिथून ते सुरू झालं. रोज दुपारी काठीबरोबर तो प्रश्न यायचा आणि काठीबरोबर माझं उत्तर जायचं. कधी काठीला पुडी बांधलेली असायची. शेंगदाणे, गुळाचा खडा. मी अम्मीकडून चार विड्या मागून आणायचो आणि फडक्याच्या गाठीत खोचायचो. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. "काय रं, तुमचं लगीन-बिगीन ठरतंय का काठीवरनं?" बंद झालेली एसटी दिवसातून एकदा पुन्हा येऊ लागली होती. तिचा कंडक्टर म्हणायचा, "महामंडळानं पगार द्यावा तिकिटाचा आन् आमी करावं पोस्टमनचं काम." मी हसायचो. अनोळखी माणसासमोर मी हसतोय, हे माझं मलाच नवल वाटायचं.

अम्मी पहाटेपासून सुपासमोर बसलेली. मामू टँकरवर. मी जेवलो का, हे दुपारच्या वेळेला या जगात दुसरं कोणी विचारत नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊन असं पडलं की माळावरची हवा पाण्यासारखी हलायची. एके दुपारी काठी आलीच नाही. माझ्या बाजूला गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. मी लाल झेंडा धरून उभा. बऱ्याच वेळानं दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला खिंडीतून आला. काठी नव्हती त्याच्याजवळ.

"तुमचा म्हातारा गेला," तो म्हणाला. "खुर्चीतच. सगळ्यास्नी वाटलं डोळा लागलाय. लोक हॉर्न मारत बसले."

पुतणे येऊन त्याला गावी घेऊन गेले. इंद्रजीत साहेब त्यांच्याबरोबर गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मामूला ते सांगत होते, ते मी ऐकलं. काकाच्या मुठीत काठी होती. मूठ उघडेना. शेवटी तशीच, काठीसकट, सरणावर ठेवली. "मी सोता बघितली जळताना," साहेब म्हणाले.

मी गेलो नाही. एकदाच भेटलेल्या माणसाचा मी कोण म्हणून रजा मागणार होतो?

काकाच्या जागी येडू आला. माझ्याच वयाचा, सारखी गाणी लावून बसणारा. नवी काठी केली, वेळूची, टोकाला नारिंगी पट्टी. ती यायची, जायची. तिला कधी काही बांधलेलं नसायचं, आणि तिच्याबरोबर कुणाचा निरोप नसायचा.

माळावरची दुपार म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं. बारा-साडेबाराला सावली पायाखाली गोळा होते. कुठंतरी एखादा होला घुमत असतो, तोही थांबतो. तापलेल्या मुरमाचा वास येतो, लोखंडासारखा. गाड्या कमी होतात, मग बंद होतात. अशा वेळी आपल्या श्वासाचा आवाज आपल्यालाच मोठा वाटू लागतो. लहानपणी अम्मी सांगायची, भर दुपारी माळावर एकटं फिरू नकोस. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

असाच एक दिवस. येडूची वेळूची काठी माझ्या मांडीवर होती. म्हणजे गाड्या सोडायची पाळी माझी होती, आणि पलीकडून कोणी येणं शक्यच नव्हतं.

तरी खिंडीतून एक मोटारसायकल आली.

आधी ती दिसली. आवाज थोड्या वेळानं आला, मागं राहिल्यासारखा. चालवणाऱ्यानं तोंडाला पांढरा टॉवेल गुंडाळला होता, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात मोजे. त्यात काही विशेष नव्हतं. एप्रिलमध्ये सोलापुरात सगळेच तसे फिरतात. तो माझ्याजवळ हळू झाला आणि त्यानं हात पुढं केला.

हातात काठी होती. बाभळीची. टोकाला विटलेलं लाल फडकं.

मी ती घेतली. एवढ्या उन्हात ती माठासारखी गार होती, आणि तिला बारीक धुराचा वास होता.

"...म्हातारबाबानं..." टॉवेलाच्या आतून आवाज आला, "...इचारलंय... जेवलास का..."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जेवलो म्हणावं."

तो सोलापूरच्या बाजूला निघून गेला. त्या रस्त्यावर कुत्रं गेलं तरी धूळ उठायची. त्याच्यामागं उठली नाही.

मला भीती वाटायला हवी होती, हे मला समजतं. पण आधी वाटला तो आनंद. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं झालं. भीती नंतर आली, आणि ती आली तरी आनंद गेला नाही.

पुढं एक ट्रक आला. एकटाच होता, म्हणून तोच शेवटची गाडी. मी त्याच्या ड्रायव्हरच्या हातात दोन्ही काठ्या दिल्या. बाभळीच्या काठीच्या फडक्यात दोन विड्या खोचल्या होत्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर येडूला फोन केला.

"आज दुपारी मधे गाडी सोडली होतीस?"

"काठी तुझ्याजवळ. मी कसा सोडीन? मेंदू गहाण पडलाय का माझा?"

"आणि त्या ट्रकवाल्यानं किती काठ्या दिल्या तुला?"

"किती म्हंजे? एकच की. का रं?"

"काही नाही," मी म्हणालो.

म्हणजे दुसरी काठी खिंडीतच कोणीतरी उतरवून घेतली होती.

मग ते होऊ लागलं. रोज नाही. पण रस्ता रिकामा असेल आणि सावली पायाखाली आली असेल, तेव्हा. तोच टॉवेल, तोच प्रश्न. मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते थांबलं असतं, असं मला वाटायचं. मी डबा उघडेनासा झालो. प्रश्न आल्याशिवाय जेवायचं नाही, असं ठरून गेलं. ज्या दिवशी प्रश्न यायचा नाही त्या दिवशी डबा तसाच घरी जायचा.

"सुकता चला रे तू," अम्मी तिच्या दखनीत म्हणायची.

मामू टँकर थांबवून मला बघायचा. "टोपीखाली ओलं फडकं ठेव. उन्हानं डोकं फिरंल तुझं."

आणि मग ती दुपार आली.

त्या दुपारी वेळूची काठी येडूकडे होती. माझ्या बाजूच्या गाड्या मी मघाच सोडल्या होत्या. आता त्याच्या बाजूच्या येणार, शेवटच्या गाडीबरोबर काठी येणार, मग मी सोडणार. माझ्याकडे नव्यानं रांग लागत होती. सगळ्यात पुढं एक जीप येऊन थांबली. चालवणारा भीमा नावाचा जवळच्याच वस्तीवरचा माणूस. मागच्या सीटवर त्याची बायको अंकिता आडवी पडली होती. तिचं डोकं सासूच्या, सोजरबाईंच्या मांडीवर. पोटुशी. दिवस भरलेले. तालुक्याचा दवाखाना खिंडीपलीकडे.

"भावा, सोड लवकर," भीमा म्हणाला. "पाणी गेलंय तिचं."

"काठी येऊ द्या. येईलच आता."

"तिकडनं कायबी येत न्हाय. आवाज तरी येतोय का? बघ की."

खरंच आवाज येत नव्हता. पण खिंडीतला आवाज वळणाच्या अलीकडे कधीच येत नाही, गाडी डोळ्यांसमोर येईपर्यंत.

"काठी आली की लगेच..."

"आरं काठी काठी काय लावलंयस! माणूस हाय का दगड?"

सोजरबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझी बाही धरली. "ए लेकरा, तुला भन हाय का न्हाय? पोरीचं डोळं पांढरं व्हाय लागलेत रं. हिच्या आधीचं एक असंच गेलंय वाटंत. ह्याच वाटंत गेलंय. तवा रस्ता खराब म्हून गेलं, आता रस्ता हुतोय म्हून जाऊ दे का?"

अंकिता ओरडत नव्हती. दात आवळून एक लांब, बारीक आवाज काढत होती. जीपमागं दोन-तीन रिक्षा होत्या, त्यांच्यामागं एक पिकअप. हॉर्न सुरू झाले.

तेवढ्यात तो आला.

खिंडीतून, संथ. आवाज त्याच्यामागून. या वेळी तो पुढं गेला नाही. माझ्याजवळ थांबला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि काठी माझ्या हातात दिली. बाभळीची.

"आली! आली की काठी!" पिकअपवाला ओरडला. भीमानं जीप चालू केली.

गॉगल माझ्या तोंडाजवळ आला. त्याच्या काचेत माळ दिसत होता, छत्री दिसत होती. मी दिसत नव्हतो.

"...म्हातारबाबानं सांगितलंय... वाट मोकळी हाय... सोड समद्यास्नी..."

मी काठी घट्ट धरली. ती इतकी गार होती की बोटं दुखत होती.

"...आन् तू बी ये त्यांच्यासंगं... ताट वाढलंय..."

मी लाल झेंडा खाली केला. हे मी केलं. काका जिवंत असताना त्याची काठी एकदाही चुकली नव्हती. सोजरबाई सोड म्हणत होत्या, मागचे हॉर्न सोड म्हणत होते, तो सोड म्हणत होता. नको म्हणणारं तिथं कोणीच नव्हतं. जीप माझ्या बाजूनं हलली. खिडकीतून अंकिताचा हात मला दिसला. हिरवा चुडा, आणि सीटच्या कडेला आवळून धरलेली बोटं.

आणि मला वाटलं, जो म्हातारा एवढ्या उन्हात बसून कुणा परक्या पोराच्या जेवणाची चौकशी करायचा, तो या बाईला कशाला जेवायला बोलावेल? तिला दवाखान्यात जायचंय. काका म्हणाला असता, आधी तिला पोचवा.

मग हे बोलावतंय कोण?

मी धावलो. जीपच्या पुढं गेलो आणि दोन्ही हात पसरून उभा राहिलो. बंपर माझ्या गुडघ्यांना लागला.

"थांबा!" मी ओरडलो. माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काठी आली नाही! काठी आली नाही अजून!"

भीमा खाली उतरला. त्यानं माझी कॉलर धरली. "हातात काठी धरून म्हणतूस काठी आली न्हाय?"

"ही ती नाही... ही खरी नाही..."

"काठीत खरी-खोटी असती व्हय रं?" पिकअपवाला खिडकीतून म्हणाला. "ऊन लागलंय त्याला. बाजूला घे आन् चल."

"मारा मला," मी म्हणालो. "पण जीप आत नेऊ नका."

भीमानं हात उचलला. तो तसाच वर राहिला. कारण खिंडीच्या तोंडातून मुरमाचा डंपर बाहेर आला, भरलेला, वेगात, सगळा रस्ता व्यापून. त्याच्या पाठीमागं दोन ट्रक. मग एसटी. मुरमाची तांबडी धूळ आमच्या सगळ्यांच्या अंगावर आली. भीमाच्या बोटांतून माझी कॉलर सुटली.

एसटी शेवटची होती. कंडक्टरनं खिडकीतून वेळूची काठी दिली. मी हिरवा झेंडा दाखवला. जीप गेली. जाताना सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. पिकअप शेवटची होती. तिच्या ड्रायव्हरपुढं मी वेळूची काठी केली.

"तो मोटारसायकलवाला कुठं गेला?" मी विचारलं.

"कंचा मोटारसायकलवाला?"

"आता... त्यानंच तर ही काठी दिली मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आरं, खाली वाकून तूच उचललीस की ती. दगडाजवळनं." मग त्यानं वेळूची काठी घेतली आणि घाईनं काच वर केली.

दुपारी उशिरा पलीकडून आलेल्या कांद्याच्या टेम्पोवाल्यानं निरोप आणला. दवाखान्यात पोचले होते. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी खुर्चीत बसलो आणि डबा उघडला. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी जेवलो.

या वेळी बाभळीची काठी मी आत पाठवली नाही. उन्हं कलल्यावर इंद्रजीत साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली. मुठीच्या जागी नखानं पाडलेल्या खाचा होत्या. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि थांबले.

"कुटं मिळाली?"

मी सांगितलं. सगळं. मधे एकदाही अडखळलो नाही. मामू टँकरला टेकून ऐकत होता.

साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. "ही मी जळताना बघितलीय, तौसिफ," ते म्हणाले. त्यांनी मला नावानं हाक मारली ती पहिल्यांदाच.

उन्हाळ्यात काँक्रीट संध्याकाळी ओततात. त्या संध्याकाळी वळणावरचा शेवटचा तुकडा ओतायचा होता. तो झाला की काही दिवसांत ती बाजू खुली होणार होती, मग गाड्या दोन्हीकडून जाणार, झेंड्याचं आणि काठीचं काम संपणार. साहेबांनी काठी खाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली सरकवली. मिक्सरनं तिच्यावर काँक्रीट सोडलं. माणसांनी ते सपाट केलं, वरून झाडूनं रेघा ओढल्या. अंधार पडायच्या आत त्यावर ओलं गोणपाट पसरलं.

"एकदा रस्ता झाला वरनं, की झालं," साहेब म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही.

सकाळी मामू गोणपाटावर पाणी मारायला लवकर गेला होता. मी टेम्पोतून उतरलो तर तो खिंडीच्या तोंडाशी येऊन उभा होता. मला तो वळणावर घेऊन गेला. साहेब आधीच तिथं होते. गोणपाट कुठं सरकलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. मामूनं ते उचलून दाखवलं.

तुकड्याच्या बरोबर मधोमध चार खोल खुणा होत्या. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात तशा, चंद्रकोरीसारख्या. रात्रभर कोणी जड माणूस बसून होता म्हणावं एवढ्या खोल. आजूबाजूला सगळ्या रेघा जशाच्या तशा. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं नाही.

आणि त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणखी चार. त्या अगदी उथळ होत्या. खुर्ची नुसती आणून ठेवलेली, अजून कुणी बसलेलं नाही, तशा.

"कुत्रं असंल," मामू म्हणाला. पण फार हळू म्हणाला.

साहेबांनी गवंडी बोलावला. आठही खुणा भरून घेतल्या, वरून पुन्हा रेघा मारल्या.

आता तो रस्ता खुला झालाय. फार छान झालाय, सगळे म्हणतात. मधल्या गावांना दिवसातून तीनदा एसटी जाते. भीमाची जीप तालुक्याला पूर्वीच्या निम्म्या वेळात पोचते. मी त्या बाजूला जात नाही. मामूनं मला बाजारात एका फळवाल्याकडे कामाला लावलंय. तिथं दिवसभर माणसं असतात, मला बोलावं लागतं, आणि मी बोलतो. दोन्ही वेळ पोटभर जेवतो. तरी अम्मीनं परवा माझी पँट कमरेत पुन्हा आत घेतली. या महिन्यात दुसऱ्यांदा.

मामू अजून त्याच रस्त्यावर टँकर घेऊन जातो. वळणावर थांबून बघतो, हे मला ठाऊक आहे. तो आपणहून काही सांगत नाही. काल मी विचारलं. तो बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत बसला.

मग म्हणाला, मधल्या चार खुणा बुजल्यात, बुजल्याच आहेत. शेजारच्या चार उथळ होत्या ना, त्या पुन्हा उघडल्यात. त्यांत आता बोटाचं पहिलं पेर जातं.